बंद टाकीतले ठोके

"पाणबुडीला खिडक्या असतात का?" संयोगितानं विचारलं.

"मोठ्या काचेच्या. जेवताना देवमासे बघायचो आम्ही," नौदलाची वर्दी घालून फिरणारा, स्वतःला पाणबुडीवरचा निवृत्त जवान म्हणवणारा मानसिंग ऐटीत म्हणाला.

संयोगितानं धाकट्या भावाकडे, रणधीरकडे पाहिलं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली जुनी पाणबुडी दोघांनी आतून पाहिली होती. तिला खिडकीच नव्हती. मग रणधीरनं, आत कोण कोण असतं, झोपतात कुठं, असं विचारलं. प्रत्येकाला वेगळी खोली, असं उत्तर मिळालं. खरं तर तिथं स्वयंपाक्यापासून इंजिनवाल्यापर्यंत सगळ्यांना अरुंद फळ्यांवर अंग चोरून झोपावं लागे.

दोघं सांगलीहून पाटणजवळ मामाकडे सुट्टीला आली होती. हंबीररावमामा फौजेतून निवृत्त झालेला, पण मानसिंगवर पुरता भाळलेला. मानसिंग थापा मारतोय, असं दोघांनी सांगितलं, तेव्हा त्यानं त्यांनाच दटावलं आणि आपल्या मुलाला, शंभूराजला मानसिंगच्या भरतीपूर्व तयारीच्या शिबिरात पाठवलं.

दुपारी भावंडं उसातून लपतछपत तिथं पोचली. मानसिंग पट्ट्यानं पोरांना झोडपत होता. एकाच्या ओठातून रक्त गळत होतं. उन्हात पाण्याचा रिकामा टँकर उभा होता आणि आतून कुणीतरी ठोके मारत होतं.

"पाणबुडीत असंच कोंडून राहावं लागतं. शंभूराजला सवय होऊ दे," मानसिंग ओरडला.

ठोके मंदावले. मग थांबले.

रणधीरला मामाकडे पिटाळून संयोगिता टँकरवर चढली. तापलेल्या कडीनं तळवे पोळले, तरी तिनं ती ओढली. मानसिंगनं तिचा पाय धरून तिला खाली आपटलं. पट्टा पाठीवर सपकन बसला. तिनं त्याच्या मनगटात दात रुतवले. तो किंचाळला, तिचे केस ओढू लागला.

"शंभूराज मरंल रं!" रक्ताळलेल्या ओठाचा पोरगा ओरडला आणि त्यानं मानसिंगच्या पोटात डोकं घातलं. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. लाथाबुक्क्यांखाली तो लोळू लागला.

संयोगितानं पुन्हा वर चढून झाकण उघडलं. शंभूराज आत निपचित पडला होता. बोटांची नखं फुटली होती, ओठ निळे पडले होते. तेवढ्यात मामा धावत आला. त्यानं पोराला बाहेर काढलं आणि तोंडानं श्वास देऊ लागला. बऱ्याच वेळानं शंभूराज खोकला.

पोलिसांनी मानसिंगला नेलं. तो कधी बोटीतसुद्धा चढला नव्हता, हे त्यानंच कबूल केलं.

दवाखान्यात मामानं भाचीच्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं. "म्या नुसती वर्दी बघितली गं. तुमी मानूस वळखलात," तो म्हणाला. साऱ्या गावानं दोघांना शाबासकी दिली. संयोगिता मात्र खाटेवरच्या शंभूराजची छाती संथपणे वरखाली होताना बघत बसली.