सतरा नंबरचा बिल्ला

माझी आत्या खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाईला भास झाला असेल. तिला भास होत नाहीत. एकोणीस वर्षं ती युद्ध स्मारकाच्या संग्रहालयात कामाला आहे. मेलेल्या सैनिकांच्या टोप्या झटकते, बुटांना पॉलिश करते आणि दुपारी तिथेच बसून डबा खाते. भित्री असती तर पहिल्याच आठवड्यात पळाली असती.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. शुक्रवार. संध्याकाळचे पाच. बाहेर अजून उजेड होता.

त्या दिवशी संग्रहालयात मॅनेजरांची शोकसभा झाली. ते मूळचे परदेशातले. एका वर्षासाठी म्हणून आले आणि सव्वीस वर्षं राहिले, तरी सगळे त्यांना पाहुणेच म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं. आपली भाषा शिकले, पण बोलताना चिखलातून चालल्यासारखा एकेक शब्द जपून टाकायचे. मंत्र्याला अरेतुरे करायचे आणि मांजराला अहोजाहो. आत्याचे यजमान आजारी होते तेव्हा महिनाभर रोज तिला स्वतःच्या गाडीने दवाखान्यात सोडलं त्यांनी. कधी बोलून दाखवलं नाही.

देवमाणूस. फक्त एका बाबतीत हट्टी.

तळघर.

संग्रहालयाखाली एक तळघर आहे. युद्धात बॉम्ब पडायला लागले की लोक तिथे लपायचे. एका संध्याकाळी पहारेकऱ्याची मोजणी चुकली. सगळे बाहेर आले असं समजून त्याने लोखंडी दार बाहेरून लावलं आणि घरी गेला.

आत एकोणीस जण होते.

दाराच्या आतल्या अंगाला नखांचे ओरखडे अजून आहेत. आत्या सगळं पुसते, पण त्यांवरून फडका फिरवत नाही.

म्हणून पाहुण्यांनी नियम केला. जिन्याच्या तोंडाशी एक फळी. फळीवर चाळीस हुक, हुकांवर एक ते चाळीस नंबरचे पितळी बिल्ले. खाली जाताना बिल्ला घ्यायचा, वर आलं की टांगायचा. बिल्ला हुकावर नाही तोवर माणूस आत आहे, मग तो तुमच्यासमोर बसून चहा का पीत असेना. एकदा एक मास्तर बिल्ला खिशात घालून गावी गेले. ते दोन दिवसांनी परत येईपर्यंत पाहुण्यांनी दार लावलं नाही. खुर्ची टाकून बसून राहिले.

आणि बिल्ले सगळे असले तरी दारात उभं राहून तीनदा हाक मारायची.

"आत... कोणी... आहे का?"

मग कान देऊन थांबायचं. मगच कडी. सगळे हसायचे त्यांना. आत्यासुद्धा.

शोकसभेला माझे बाबाही गेले होते. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. पाहुण्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बहिणीच्या तोंडून एवढी स्तुती ऐकली होती की जाणं भाग होतं. ऐकली म्हणजे आपलं म्हणायचं. तीस वर्षं छापखान्यात काढून बाबांचे दोन्ही कान गेलेत. कानाचं मशीन आहे, पण ते खणात असतं. सेल वाचतात म्हणे. त्या दिवशीही ते खणातच होतं, मी स्वतः पाहिलंय.

सभा झाली. चहा झाला. लोक एकमेकांना पाहुण्यांचे किस्से सांगून रडत होते आणि हसत होते. बाबांनी आत्याला खूण केली, गुडघे दुखतायत, साडेचारच्या बसने निघतो. आत्या कपबशा उचलत होती. तिने मान हलवली.

पाच वाजता हॉल रिकामा झाला. पुढे तीन दिवस संग्रहालय बंद राहणार होतं, दुखवटा म्हणून. पहारेकरी बाहेरच्या फाटकावर गेला.

तळघर बंद करायचं काम आत्याचं.

तिने फळीकडे पाहिलं. एकही हुक रिकामा नाही. ती जिना उतरली. डोळे भरून आले होते, आतलं नीट दिसत नव्हतं, तरी तिने नियमाप्रमाणे तीनदा हाक मारली. तीनदा थांबली. आतून चकार शब्द नाही. तिने दिव्याचं बटण बंद केलं, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

पाठ वळवली.

आणि...

"आत... कोणी... आहे का?"

आत्या जागच्या जागी थिजली.

तो आवाज वरून आला नव्हता. बंद दाराच्या आतून आला होता. एकेक शब्द जपून टाकलेला.

दिवसभर त्यांच्याच आठवणी काढल्या, म्हणून कानात घुमतंय, असं तिने स्वतःला समजावलं. वर आली आणि फळीसमोर थांबली.

चाळीस बिल्ले. एकोणचाळीस स्थिर...

एक झुलत होता.

खिडक्या बंद. पंखा बंद. तो एकटाच इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग हुकावरून निसटला आणि खणकन फरशीवर पडला.

आत्याने तो उचलला. एका बाजूला नंबर नव्हता. उलटून पाहिला. दुसऱ्या बाजूलाही नव्हता.

तिने तो लगेच ओळखला. पाहुण्यांचा स्वतःचा बिल्ला. बिननंबरी. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचा. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही त्यांच्या मुठीत होता. सभेनंतर निघताना त्यांच्या बायकोनेच तो टांगला असणार. बिचारीला काय ठाऊक? रिकामा हुक दिसला, नवऱ्याची आठवण म्हणून अडकवला.

रिकामा हुक...

हुकाखाली आकडा होता. सतरा.

म्हणजे सतरा नंबरचा बिल्ला घेऊन कोणीतरी खाली गेलं होतं आणि वर आलंच नव्हतं. मग तीन हाकांना ओ का दिली नाही?

तेवढ्यात तिची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली. खुर्चीवर एक कापडी पिशवी होती.

दादाची.

तीन दिवस दार उघडणार नव्हतं. पाणी आत येतं म्हणून हवेचं भोकही गेल्या वर्षी सिमेंटने बुजवलं होतं. आणि वाचवायचं तर खाली जायचं, त्या आवाजापाशी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलवावं, असं मनात आलं, पण पाय आपोआप जिन्याकडे वळले. सख्खा भाऊ होता.

ती उतरली. किल्ली कुलपात घातली, पण ती फिरेना.

"आत... कोणी... आहे का?"

पुन्हा आतून. दाराला तोंड लावल्यासारखा, अगदी जवळून. आत्या देवाचं नाव घेत किल्ली फिरवत राहिली.

तिसऱ्यांदा आवाज आला. या वेळी थोडा लांबून. आणि कोणीतरी शांतपणे उत्तर दिलं.

"आहे."

तो बाबांचा आवाज होता.

माझ्या बाबांचा. ज्यांच्या मागे फटाका फुटला तरी मान वळत नाही, त्यांचा.

तिने दार उघडलं. दिवा लावला. बाबा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. मधोमध नाही. एका टोकाला, अंग चोरून. गर्दीत दुसऱ्याला जागा करून देतो ना आपण, तसे.

चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

"आलीस का चिमे," ते म्हणाले. "बसला वेळ होता, म्हणून तळघर बघायला उतरलो आणि इथे टेकलो. पाहुणे म्हणालेच, मोजणी चुकलीय, येईल ती. चांगला माणूस गं. किती स्पष्ट बोलतात, मला सगळं ऐकू आलं."

आत्याने त्यांचं मनगट धरलं. बर्फासारखं गार. तिने खुणेने विचारलं, बिल्ला कुठाय?

"त्यांनी मागून घेतला. म्हणाले, माझा तुझ्या जागी टांगलाय, तर तुझा मला दे."

तिने त्यांना ओढतच बाहेर आणलं. दार लोटणार, तोच बाबांनी हात आडवा घातला.

"थांब जरा," ते म्हणाले. "मागून येतायत ना ते."

आत्याने आत पाहिलं. बाक रिकामा होता. खोली रिकामी होती. दिवा मात्र... कोणी एकेक पाऊल पुढे यावं तसा, टप्प्याटप्प्याने मंद होत चालला होता.

तिने बाबांचा हात झटकला आणि दार धाडकन आपटलं. कडी घातली. हाक मारली नाही. एकदासुद्धा नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

हे सांगताना ती अजून रडते. म्हणते, त्या पहारेकऱ्याने चुकून केलं होतं, मी जाणूनबुजून केलं.

चौथ्या दिवशी चार माणसं बॅटऱ्या घेऊन तळघरात उतरली. कोपरा न् कोपरा पाहिला. सतरा नंबरचा बिल्ला मिळाला नाही.

आणि त्या शुक्रवारपासून रोज संध्याकाळी पाच वाजता बाबा मान वर करतात. मशीन खणातच असतं. तरी कुणी हाक मारल्यासारखे बघतात, आणि म्हणतात, "आहे."

तीनदा.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. आत्या हसली नाही.

"दादाचा बिल्ला खाली आहे गं," ती म्हणाली. "त्यांच्या दृष्टीने तो अजून आतच आहे."

"पण पाहुणे तर चांगले होते ना?" मी विचारलं.

"चांगलेच होते. पण नियम त्यांनी कधी मोडला नाही."

परवा पाच वाजता बाबांनी तीनदा "आहे" म्हटलं. मग उठले आणि बूट घालायला लागले. मी खुणेने विचारलं, कुठे?

"खाली सगळे खोळंबलेत माझ्यासाठी," ते म्हणाले. "बिल्ला टांगायचा राहिलाय. तोवर कुणालाच सोडता येत नाही म्हणतात."

मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. काल पुन्हा उठले, पुन्हा बसवलं.

आज मी बूट लपवलेत. दाराला आतून कडी घातलीय. आता पाचला दहा मिनिटं कमी आहेत, आणि बाबा अनवाणीच दाराशी जाऊन उभे आहेत.