पाचवीचा कागद

माझ्या मुलीच्या, रेश्माच्या, पाचवीला सासूबाईंनी पूजेच्या पाट्यावर कागद आणि पेन ठेवलं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून कागद कोरा लागतो. सासूबाईंना वाचता येत नाही. हाताला लागलं ते माझं हॉलतिकीट त्यांनी पालथं घालून ठेवलं होतं. कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेचं. पेपर दुसऱ्याच दिवशी सांगलीला होता. मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, पुढची सहा वर्षं त्या पोरीकडे बघताना मला तो पेपरच आठवत राहिला.

आता मी तासगावात गणिताच्या शिकवण्या घेते. सटवाईवर माझा काडीचा विश्वास नाही.

गेल्या महिन्यात अवकाळी पावसानं द्राक्षबागा झोपवल्या. बाजारात बेदाणा शेडवाले दादासो भेटले, हात जोडून म्हणाले, "म्याडम, काल शेती हापिसातनं पंचनाम्याला आलासा, लय उपकार झालं."

"मी? मी काल घरीच होते."

"चेष्टा करता व्हय!"

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी एस.टी.त एका अनोळखी बाईनं उठून मला जागा दिली.

"बसा म्याडम. बागंत चिखलात लय फिरलासा काल."

माझ्या चपला कोरड्या ठाक होत्या. घरी येऊन पाय धुतले तर पाणी लाल, गढूळ निघालं. मी पुन्हा धुतले. पुन्हा तसंच.

सोमवारी दुपारी दादासोंनी रस्त्यात थांबवलं. आवाज खाली गेलेला.

"म्याडम, राग मानू नगा. काल आमच्या नातीला मांडीवर घिऊन तुमी लय रडलासा. मला मूल न्हाई म्हणालासा. पर तुमास्नी पोरगी हाय न्हवं?"

"आणखी काय म्हणाले मी?"

"एक पोरगी बघून ठिवलीया म्हणालासा. आपल्या शाळंतली."

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी पळत सुटले. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो पेपर डोक्यात नव्हता. मला फक्त माझी पोरगी हवी होती.

रेश्मा फाटकापाशीच होती. पाठीला दप्तर, एक वेणी सुटलेली.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिचा हात घट्ट धरला.

"चल, घरी जाऊ."

तिनं हळूच हात सोडवून घेतला.

"नगं काकू," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "माजी आई येतीया न्यायला."