झुंबर हवालदाराची हरवलेली पानं

रविवारी सकाळी प्राध्यापक पृथ्वीराज घाडगे सात रस्त्यावरच्या ऑफिसाचा जिना चढून आले, तेव्हा सिद्धराम बिराजदार त्यांचीच कादंबरी वाचत पोट धरून हसत होता. दारात खुद्द लेखक उभा आहे, हे त्याच्या ध्यानात जरा वेळानं आलं. सिद्धरामच्या बहुतेक गोष्टी जरा वेळानंच ध्यानात येत, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

ऑफिस त्याच्या भाचीचं होतं. सुकन्या हत्तुरे, खासगी तपासनीस. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याचे खोटे दावे, असली कामं. बँकेतून निवृत्त झालेला हा मामा तिचा फोटोग्राफर, ड्रायव्हर आणि चहा सांगणारा माणूस होता.

"माझं शेवटचं प्रकरण चोरीला गेलंय," प्राध्यापक म्हणाले.

घाडगे कॉलेजात फौजदारी न्याय शिकवत, आणि तिथं त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. घरी मात्र ते विनोदी कादंबऱ्या लिहीत. त्यांचा झुंबर हवालदार दर पंचनाम्यात नवा घोळ घालायचा आणि वाचक हसून लोळायचे. घाडगे लिहीत हातानं. टाइप करायची अंकिता, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तीही फुकट.

"बाकीची कादंबरी टाइप झालीय. शेवटचं प्रकरण शुक्रवारी पुरं झालं आणि संध्याकाळी हॉलमध्ये वाचून दाखवलं. आमच्याकडची पद्धतच आहे. बायको, सासरे, अंकिता आणि समोरचे प्राध्यापक माने एवढे होते. मग पानं टेबलाच्या खालच्या खणात, उत्तरपत्रिकांखाली ठेवली. काल दुपारी कॉलेजातून आलो, तर खण उचकटलेला आणि पानं गायब."

"ती जागा कुणाला माहीत होती?"

"घरचे सोडले तर फक्त अंकिताला. एका प्रकाशकाचा माणूस तिला भेटून गेलाय म्हणे. मी तिला फोन करून येऊ नको सांगितलंय. मार्गदर्शक म्हणून नाव काढून घेतो, असा मेलही लिहून ठेवलाय. आज संध्याकाळी तो विभागप्रमुखांकडे जाईल."

"तिची व्हायवा कधी आहे?"

"याच आठवड्यात," प्राध्यापक खिडकीकडं बघत म्हणाले. "तिच्यावर अन्याय नको, म्हणून तुमच्याकडे आलो. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं तर बघा. घरी मी अंकिताचं नाव काढलेलं नाही."

"पोलिसांत का नाही गेलात?"

"आयुष्यभर हवालदाराची टिंगल केली. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

सुकन्यानं विचारलं, "त्या प्रकरणात होतं काय?"

प्राध्यापकांचा चेहरा खुलला. उजनीच्या पाण्याकाठचं एक गाव. तिथं एका बाईनं बागायतदाराची पाण्याची मोटर चोरलेली असते. झुंबर पंचनामा करतो, दोन पंचांच्या सह्या घेतो. कोर्टात कळतं, की त्यातला एक पंच पंचनाम्याच्या आधीच वारलेला!

"न्यायाधीश म्हणतात, पंचाला हजर करा. झुंबर म्हणतो, जातो साहेब त्याच्याकडं, पण माझी परत यायची ग्यारंटी न्हाय! खटला फुस्स. बाई मोटर डोक्यावर घेऊन नाचत घरी जाते."

सिद्धरामला हसता हसता ठसका लागला. सुकन्या नुसती हसली.

"हे सुचतं कुठून तुम्हाला?"

"माझे सासरे, मानसिंग गरड. निवृत्त हवालदार. त्यांच्या नोकरीतले किस्से, वर माझा तिखटमसाला. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसतात."

जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या पडवीत ते सासरे खुर्ची टाकून बसले होते. काठी मांडीवर, अंगात पांढरा सदरा, मिशा अजून खात्यातल्या.

"या, या. तपासाला आलाय व्हय?" आबा म्हणाले. "तुमच्याजवळ क्यामेरा हाय, ब्येस हाय. आमच्या येळंला कुटला क्यामेरा? चोराचं पाऊल दिसलं की झाकायचं, आन् सायकल हाणत सायबाला वर्दी द्यायला जायाचं. उगडं ठिवलं की कोंबड्या इस्कटायच्या."

"पावलं ओळखायचात आबा?"

"लई वळकली. आता डोळं गेलं." त्यांनी जावयाकडं पाहिलं. "जावईबापू, मागल्या अंगाला नीट बघितलं का?"

"बघितलं आबा. काही नाही तिथं."

"पुन्यांदा बघा की."

अभ्यासिकेच्या मागच्या खिडकीचे गज रंगवायला काढले होते. खिडकीखाली फुलझाडांचा वाफा होता. सिद्धराम फोटो काढायला पुढं झाला आणि चपलेसकट काळ्या मातीत रुतला. तोल सावरायला त्यानं कडेला पालथ्या पडलेल्या घमेल्यावर हात टेकला, तर ते कलंडलं.

"मामा, हलू नका!" सुकन्या ओरडली.

घमेल्याखालची माती कोरडी, भुरभुरीत होती. तिच्यावर कॅनव्हासच्या बुटाचा एक स्वच्छ ठसा होता, उजव्या पायाचा. आजूबाजूला चिखल वाळून पापुद्रे धरले होते आणि त्यावर सिद्धरामच्या ताज्या पराक्रमाशिवाय एकही पाऊल नव्हतं.

सुकन्यानं ठशाच्या कडेला बोट लावून पाहिलं. ठसा उथळ होता, टाच आणि चवडा सारखेच उमटलेले.

"बाहेरचा माणूस!" प्राध्यापक म्हणाले. "म्हणजे अंकितानं कुणाला तरी पाठवलं असणार."

फौजदारी न्यायाच्या प्राध्यापकाची ही घाई सिद्धरामलासुद्धा खटकली. पण ते एवढ्या पुस्तकांचे लेखक, म्हणून त्यानं नुसता ठशाचा फोटो काढला.

प्राध्यापकांच्या पत्नी वैजयंतीताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. सुकन्यानं त्यांना वाफ्याला पाणी कधी घातलं ते विचारलं.

"पाणी ना? काल सकाळी हे कॉलेजात गेले, तेव्हा फरशीवर उभं राहून पाइपनं घातलं. त्यानंतर नाही घातलं. यांनी कशाला हात लावू नका म्हणून सांगितलं."

"घमेलं तेव्हा तिथं होतं?"

"होतं की, पालथंच. मी त्याच्यावरूनच पाणी मारलं. रंगाऱ्याचं असेल म्हटलं."

"शुक्रवारी वाचन कसं झालं?"

"छान झालं. आबा तेवढे मधेच उठले. पंचाचा तो विनोद झाला आणि गोळी घ्यायचीय म्हणाले. गोळी तर मी आधीच दिली होती. वयच आहे आता." त्या थोड्या थांबल्या. "ताई, अंकिता का येत नाहीये? हे काही सांगत नाहीत."

सुकन्यानं उत्तर टाळलं. मागच्या दाराशी चपलांची मांडणी होती. तिथं ती उगाच वाकून आपल्या चपलेचा पट्टा लावत बसली. सिद्धरामला तिथं प्राध्यापकांचे जुने कॅनव्हासचे बूट दिसले. एका बुटाच्या तळाला काळी माती होती, दुसऱ्याचा तळ स्वच्छ होता. बूट धुवायला झालेत, एवढंच त्याच्या मनात आलं.

समोरच्या बंगल्यातल्या प्राध्यापक दिग्विजय मान्यांच्या पायातही कॅनव्हासचेच बूट होते.

"मागच्या कादंबरीतला टकला वकील म्हणजे मी, हे कळतं मला," ते टकलावरून हात फिरवत म्हणाले. "बायकोनं वाचून दाखवलं. राग आला होता, पण चोरी करण्याइतका नाही. शुक्रवारी वाचन संपल्यावर अंकिताला मीच गाडीवरून सोडलं आणि घरी येऊन झोपलो. काल सकाळी घाडग्यांच्याच गाडीतून कॉलेजात गेलो."

अंकिता कॉलेजजवळ खोली घेऊन राहत होती. वडील वळसंगला शेती करत. खोलीत कॉटवर प्रबंधाचे गठ्ठे होते आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना संगणक.

"सरांच्या तीन कादंबऱ्या यावर टाइप केल्यात," ती म्हणाली. "प्रकाशकाचा माणूस आला होता, त्याला सरांचा नंबर दिला. काल सर म्हणाले, येऊ नकोस. कारण नाही सांगितलं. ताई, माझ्यावर आळ आहे का?"

"आहे," सुकन्या म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंतच."

अंकितानं डोळे पुसले नाहीत, खाली वाकून गठ्ठे सारखे करत राहिली. सिद्धरामला तिची फार दया आली आणि परतताना त्यानं गाडी जरा जोरातच चालवली.

दुपारच्या चहाला सगळे हॉलमध्ये बसले. सुकन्यानं आधी पूर्ण कप संपवला.

"चोरी काल दुपारी उघडकीला आली," ती म्हणाली. "वैजयंतीताईंनी पाणी घातलं सकाळी. वाफा भिजला, घमेल्याखालची माती कोरडी राहिली. म्हणजे चोरी झालीय हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हाच चोराच्या ठशावर घमेलं पालथं पडलेलं होतं. आपला माग पुसायचा सोडून कुठला चोर तो झाकून ठेवेल?"

"चुकून पडलं असेल," प्राध्यापक म्हणाले.

"ठशावर नेमकं? आणि ठसाही एकच. खिडकीत चढणारा माणूस एका पायावर येत नाही. शिवाय ठसा उथळ होता, अंगाचं वजन पडलेलंच नाही त्याच्यावर. बूट हातात धरून मातीत दाबलाय. तुमचाच जुना बूट, सर. मागच्या मांडणीवर आहे, उजव्याच्याच तळाला माती आहे."

सिद्धरामनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे काम घरातल्या माणसाचं, शुक्रवारचं वाचन संपल्यानंतरचं आणि शनिवारी पाणी घालायच्या आधीचं. अंकिता आणि माने तेव्हा घरी गेलेले होते. ताईंनी ठसा केला असता, तर त्याच्यावर पाइप मारला नसता. सर, तुम्ही केला असता, तर तो तुम्हालाच पहिल्यांदा सापडला असता. तुम्ही तर मागं जाऊन काही नाही म्हणालात."

आता ती आबांकडं वळली. आवाज खाली आला.

"आबा, ठसा सापडावा म्हणून तुम्ही मागं बघा, मागं बघा म्हणत होतात. पण ठसा दिसला की झाकायचा, ही चाळीस वर्षांची सवय. तुम्ही तो इतका नीट सांभाळून ठेवला, की कुणाला दिसलाच नाही."

आबा काठीच्या मुठीकडं बघत राहिले.

"काहीतरीच!" प्राध्यापक म्हणाले. "आबा कशाला करतील हे?"

"ते मला सांगता येणार नाही. पंचाच्या विनोदावर ते उठले, एवढं कळलं. पण आबा, एक तुम्हाला माहीत नाही. या चोरीचा आळ अंकितावर आलाय. संध्याकाळी सर तिचं मार्गदर्शन सोडणार आहेत."

"आँ?" म्हातारा ताडकन उभा राहिला. "त्या पोरीवर? तिचा काय संबंद? आळ बाहेरच्यावर जावा म्हणून म्या बूट उमटवला!"

ते आत गेले आणि पानांची गुंडाळी घेऊन आले. ती पांढऱ्या फडक्यात बांधून दोऱ्यानं आवळलेली होती.

"मुद्देमाल हाय, फाडला न्हाय," त्यांनी ती जावयाच्या मांडीवर ठेवली. "त्या बाईनं मोटर चोरली न्हवती, जावईबापू. मथुराबाई. जमीन इकंना म्हणून बागायतदारानं तिच्या गोठ्यात मोटर ठिवली आन् सायबानं लिव म्हटलं. म्या हवालदार. नगं म्हणायची माजी काय टाप? मग म्या मेलेला पंच घातला. जाणूनबुजून."

"पण तुमची पगारवाढ रोखली होती ना त्यापायी?" वैजयंतीताईंनी विचारलं.

"रोखू दे की. बाई सुटली. अजून जिती हाय ती, नातवंडात हाय. मेलेल्या पंचाची गोष्ट त्या गावात लहान पोरगंबी सांगतंय. तुमी तिला पुस्तकात चोर केलीसा. उद्या समदं गाव तिच्या तोंडावर हसंल."

"मग मला सांगायचं, आबा!"

"काय सांगू? जावई न्याय शिकवतोय, आन् सासऱ्यानं खोटा पंचनामा क्येला, आसं?"

एवढी वर्षं ज्या माणसाच्या चुकांवर आपण नाव कमावलं, त्या माणसाला आपण ओळखतच नव्हतो, हे प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आबा," ते शेवटी म्हणाले, "बाकीचे घोळसुद्धा तुम्ही मुद्दामच...?"

"न्हाय, न्हाय. बाकीचं खरंच घोळ व्हतं की."

वैजयंतीताई रडता रडता हसल्या. प्राध्यापकांनी खिशातून फोन काढला, तो मेल पुसून टाकला आणि अंकिताचा नंबर शोधू लागले. आबांनी काठी त्यांच्या हातावर ठेवली.

"माफी फोनवर मागत्यात व्हय? चला. म्याबी येतो."

सिद्धरामनं सगळ्यांना गाडीत घातलं. अंकितानं दार उघडलं. प्राध्यापकांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि तिच्यापुढं हात जोडले. आबा मधे मधे "चूक माजी हाय" म्हणत राहिले.

अंकितानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, पुरावा नसताना संशयितावर कारवाई नको, हे मी तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली. "व्हायवाला येईन. मार्गदर्शकही तुम्हीच राहा, तेवढं मी कष्टानं कमावलंय. तुमच्या कादंबऱ्या मात्र आता दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या."

"बरोबर आहे तुझं," प्राध्यापक म्हणाले.

तिनं कॉटवरचे गठ्ठे बाजूला सारले. "आबा, तुम्ही बसा इथं. चहा टाकते." सुकन्याला आणि सिद्धरामलाही तिनं बसायला सांगितलं.

प्राध्यापक दारातच उभे होते. त्यांना ती बसा म्हणाली नाही, आणि ते विसरून नव्हे.