श्वासवाले सर आणि आईचा ताप

एका सिस्टरच्या धाकट्या भावाचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाला झाडून सगळे गेले, फक्त आई गेली नाही. विचारणाऱ्यांना सांगितलं, ताप आलाय. खरं म्हणजे तो ताप चार वर्षांचा होता. वडील गेल्यापासून आईनं उंबरा ओलांडला नव्हता. दाराबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधड, हातपाय गार, आता जीव जातो असं व्हायचं. थोरल्या मुलीनं हे बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण ती स्वतःच मनोरुग्णांच्या इस्पितळात सिस्टर होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं तिला वाटायचं.

त्याच वर्षी इस्पितळात तो आला. मोठ्या शहरात शिकलेला समुपदेशक, काखेत चटया आणि हातात पितळी घंटा. आठ आठवडे तो रुग्णांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणार होता. मनात येईल ते येऊ द्यायचं, त्याच्या मागे धावायचं नाही, अशी ती विद्या. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि हळूच घंटा वाजवली. आता, त्या वॉर्डात घंटा एकाच कामासाठी वाजायची. सगळे उठले, ताटल्या घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी रांग लावून उभे राहिले.

औषधांची गाडी ढकलत सिस्टर आली, तर रिकाम्या चटयांच्या मधोमध एक उंच माणूस घंटा धरून बसलेला.

"जेवण कुठाय?" तिनं विचारलं.

"मी तर... फक्त श्वास आणलाय," तो म्हणाला.

तिनं ओठ दाबले, पण हसू डोळ्यांतून निसटलंच. त्यानं ते पाहिलं — आणि तिनं त्याला पाहताना पाहिलं. ती निघून गेली खरी, पण गाडी तिथंच विसरून. त्या दिवसापासून वॉर्डात त्याचं नाव पडलं, श्वासवाले सर.

दुसऱ्या आठवड्यात खरी पंचाईत झाली. शहरातून छापून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, आपल्या विचारांवर लक्ष ठेवा. त्यानं ते वाचलं मात्र, वॉर्डातले म्हातारे मास्तर उठून खाटेखाली जाऊन बसले. काही केल्या हलेनात. दुपारी सिस्टरनं त्याला औषधांच्या खोलीत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. मास्तरांना नऊ वर्षं वाटतंय की कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे, आणि तुम्ही त्यांना त्यांच्याच विचारांवर पहारा बसवायला सांगता? ठेवा नका म्हणू, लक्ष असू द्या म्हणा.

त्यानं मुकाट्यानं चूक कबूल केली आणि सगळे कागद तिच्यापुढं ठेवले. मग रोज दुपारी, फिनेलच्या वासाच्या त्या खोलीत, स्टुलावर ती आणि उलट्या बादलीवर तो, असे दोघं शब्द निवडत बसू लागले. तिसऱ्या दिवशी मास्तर खाटेखालून बाहेर आले. आठवड्याभरात कागदही संपले. दुपारच्या बैठका मात्र संपेनात.

एकदा तो मान वर न करता म्हणाला, "लक्ष ठेवणं वेगळं, लक्ष देणं वेगळं. आणि... नुसतं लक्ष आहे, असं म्हटलं तर?"

"कुणाचं?"

"समजा, एकाचं."

"कुठं?"

"समोरच."

तिनं गोळ्या मोजायला घेतल्या. तीनदा मोजल्या, तीनदा वेगळ्या भरल्या.

"मग त्याला म्हणावं, नीट बसा," ती म्हणाली. "बादली कलंडेल."

आणि ती कलंडलीच.

बघता बघता आठवा आठवडा आला. सोमवारी त्याला दुसऱ्या गावच्या इस्पितळात जायचं होतं. शनिवारी जिन्यात गाठून त्यानं आडपडदा न ठेवता लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरली. मग थांबली. त्याला खोटं कारण सांगवेना. भिंतीकडे तोंड करून तिनं सगळं सांगून टाकलं — आई, उंबरा, तो ताप. आईला एकटं टाकून ती कुठंही जाणार नव्हती. आणि आई नसलेल्या आणखी एका लग्नात तर ती उभीच राहणार नव्हती, मग ते स्वतःचं का असेना.

"उद्या घरी येऊ?" त्यानं विचारलं.

"उपचार करायला?" तिचा आवाज चढला.

"मागणी घालायला. उपचाराचं त्यांनी विचारलं तर बघू."

रविवारी आईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही लोकांना श्वास घ्यायला शिकवता म्हणे. माझी दोन्ही पोरं न शिकवताच घ्यायला लागली होती."

हुशार निघाली, असं तो म्हणाला आणि चहा पीत राहिला. दुसरा कप झाला, तिसरा झाला. शेवटी आईनंच विचारलं, "तुमच्या त्या विद्येनं घाबरणं जातं का हो?"

"नाही."

"मग काय लोणचं घालायचंय तिचं?"

"घाबरणं सोबत येतं. येऊ द्यायचं. आपण आपलं चालत राहायचं."

आईनं रिकामे कप उचलून आत नेले. तो निघाला तेव्हा मात्र म्हणाली, पुढच्या रविवारी या.

पाच महिने तो दर रविवारी बसनं दोन तास हेलपाटे घालत होता. आई आधी नुसती उंबऱ्यावर उभी राहिली, मग पायरीवर, मग शेजारच्या फाटकापर्यंत गेली, प्रत्येक पावलाला भावी जावयाचा उद्धार करत. त्यानं याच गावात बदली मागून घेतली. तारीख ठरली.

विवाह नोंदणीचं कार्यालय घरापासून दहा मिनिटांवर. मायलेकींना पाऊण तास झाला तरी अर्धाच रस्ता सरला होता. शिंप्याच्या दुकानापुढं आई घामाघूम होऊन पायरीवर बसली. मला नाही जमायचं, घरी चल, म्हणाली. नव्या साडीनिशी मुलगीही शेजारी बसली. चल, ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली.

आईनं डोळे मिटले. एक श्वास, दोन, दहा. मग तिनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"अगं, घरही आता तेवढंच लांब आहे," ती म्हणाली आणि उठली.

कार्यालयात नवरदेव दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. कारकून जेवायला उठतच होता. साक्षीदार म्हणून आईनं सही केली. कारकून म्हणाला, सही हललीय.

"हलली," आई म्हणाली. "पण आली ना?"

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. एका मंगळवारी सकाळी, भाजी घेऊन येताना, बाजारातल्या बाकावर ती वारली. घरापासून चार रस्ते दूर.