लाल पेटीतलं सोनं

"अण्णाचं स्टेटस बघितलंस? माझं सोनं पोचलं!" आरोही शहरातल्या टिळकवाडीहून सायकल दामटत पिरनवाडीला अक्षराच्या घरी आली ती ओरडतच. अक्षराची दसऱ्याची सगळी सुट्टीच कडू झाली!

परशरामअण्णा हा दोघींचा थोरला चुलतभाऊ, लष्करात जम्मूला. दसऱ्याचं सोनं म्हणून दोघींनीही त्याला पाकिटातून आपट्याची पानं धाडली होती. फोटोत मात्र आरोहीचीच पानं! आरोहीच्या मनगटावरचं ते घड्याळही अण्णानं तिलाच दिलेलं. अक्षराचा नुसता जळफळाट झाला.

"माझं फेकून दिलं असंल त्यानं," ती पुटपुटली. "शेरातली बहीण लाडकी!"

"काहीतरीच काय!" तिच्या मागोमाग आलेला आरोहीचा भाऊ युवराज म्हणाला. "टाकलं कुठं होतंस पाकीट?"

"कॅम्पात. इंग्रजांच्या वेळचं दगडी पोस्ट हाय बघ, त्याच्या दारातल्या लाल पेटीत."

"अगं, तिथं आता कॅफे झालाय!"

तिघंही सुसाट निघाली. पेटी नव्या रंगानं चकचकत होती. तेवढ्यात एका आजींनी तिच्यात पाकीट टाकलं आणि पेटीला हात जोडून त्या निघूनही गेल्या!

"काका, पेटी उघडा! आत लोकांची पाकिटं हायत!" अक्षरा कळवळून म्हणाली.

"ती शोभेची पेटी हाय गं," कॅफेचे मॅनेजर मारुतीराव मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "किल्ली हरवलीया. जावा, खेळा जावा!"

अक्षराच्या डोळ्यांत पाणी आलं. आरोहीनं ते पाहिलं, झटकन घड्याळ सोडलं आणि पेटीत टाकलं. खण्ण!

"अगं बया! अण्णाचं घड्याळ!" अक्षरा किंचाळली.

"काका, माझं घड्याळ पडलं होऽऽ!" आरोहीनं असा गळा काढला की गिऱ्हाईकं कॉफी सोडून उठली. सगळे मारुतीरावांकडे बघायला लागले. मग काय, हरवलेली किल्ली गल्ल्यातच सापडली!

दार उघडताच पाकिटांचा ढीग घसरला. त्यात अक्षराचं पिवळं पाकीटही होतं!

"रंग दिला, तो गिऱ्हाईकांच्या फोटोसाठी," मारुतीराव ओशाळले. "लोक खरंच पत्रं टाकतील असं वाटलं न्हाय हो."

घड्याळाची काच मात्र तडकली होती. "असू दे गं," आरोही म्हणाली. आपण हिच्यावरच जळत होतो, या विचारानं अक्षराची मान खाली गेली.

तिघांनी नेऊन दिलेली सगळी पाकिटं नव्या पोस्टातल्या प्रियदर्शनी मॅडमनी ताब्यात घेतली. "शाबास रे पोरांनो! आमच्याही लक्षात यायला हवं होतं. आजच रवाना करते." संध्याकाळी त्यांनी पेटीचं तोंडही बंद करून घेतलं.

आठवड्यानं अण्णाचं नवं स्टेटस आलं. सुकलेली आपट्याची पानं, आणि खाली 'माझा खरा दसरा आज!'

"माझ्या वेळी असं नव्हतं हं लिहिलं!" आरोहीनं गाल फुगवले.

"जळ आता तू जरा!" अक्षरा म्हणाली आणि तिनं आरोहीला घट्ट मिठी मारली.