अकरा नंबरची कूस

चार वाजता माझ्या बहिणीला पाणी कोणी पाजलं?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. मेट्रनबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, फाइल पूर्ण आहे. काउंटरवरचा म्हणाला, अर्ज द्या. मी अर्ज दिला. आयुषने लिहिला, मी सही केली. उत्तर नाही.

माझी बहीण संजना तिथेच नर्स होती. डेंग्यूचा ताप अंगावर काढून तिने चार रात्री ड्यूटी केली आणि पाचव्या दिवशी स्वतःच्याच वॉर्डात अकरा नंबरच्या पलंगावर पडली. आयसीयूत जागा नव्हती म्हणे. दाखल्यावर लिहिलंय की ती बुधवारी, ३ सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी गेली. तिच्या पलंगाच्या चार्टवर चारच्या रकान्यात लिहिलंय: पाणी दिलं, कूस बदलली, पेशंट शांत. पाचच्या रकान्यात पुन्हा, पेशंट शांत. खाली सही. सगळं इंग्रजीत. मी आठवी नापास. चुलतभाऊ आयुषची बारावी झालीय, त्याने वाचून दाखवलं. मी त्याला तीनदा वाचायला लावलं.

शांत तर ती होतीच.

हॉस्पिटलचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावाबद्दल बोलतात, बाईबद्दल नाही.

रविवारी, १२ ऑक्टोबरला, आईने मला पाठवलं. "तिचं कपाट रिकामं करून आण. परक्यानं हात लावायला नको." दिवसभर लासलगावहून कांद्याच्या खेपा केल्या होत्या. तशीच पिकअप घेऊन आलो. आयुष सोबत होता. मी एकटा गेलो तर कोणाच्या तरी अंगावर जाईन म्हणून आईने त्याला पाठवलं होतं. द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास अडकलो. पोचायला साडेआठ वाजले.

तिच्या वस्तू काळूमामांनी आधीच पिशवीत भरून ठेवल्या होत्या. पांढरे बूट, केसांच्या पिना, डबा, एक स्वेटर. काळूमामा म्हणजे तिथले वॉर्डबॉय. साठीला आलेत, अजून वॉर्डबॉयच. ताई त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. पण ताई गेली त्या रात्रीनंतर मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. ताईचा वॉर्ड बायकांचा, दहानंतर पुरुष नातेवाइकाने थांबायचं नाही, असा नियम. मामांनी मला दारात अडवलं आणि मी त्यांच्या कानाखाली मारली. वॉचमनने मला फाटकाबाहेर काढलं. रात्रभर मी गाडीत बसून होतो. फाटकापासून वीस पावलांवर.

"चहा घे," फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीपाशी मामा म्हणाले.

"नको."

"मग बस नुसता. एक गोष्ट सांगायची आहे. माझी नाही, ओळखीतल्या बाईची आहे."

"मामा, भुताबिताची असेल तर राहू द्या," आयुष म्हणाला. "याला आधीच झोप नाही."

"भुताची आहे का ते तू ठरव. तू शिकलेला."

चहावाल्याने गाडीवरचा दिवा बंद केला. बाक तेवढा आम्हाला राहू दिला. मामा हळूहळू बोलत होते. मध्येच डोकं वळवून उजवा कान आमच्याकडे करायचे.

"रूपाली सिस्टर माहितीये ना? संजनाच्या चार्टवर सही आहे ती. तिची गोष्ट. ती वाईट नव्हती, हे आधी ऐक. बावीस पेशंट, रात्री एकटी बाई. दर तासाला बावीस चार्ट भरायचे. सकाळी मेट्रनबाई येतात, त्या पेशंट बघत नाहीत. रकाने बघतात. रिकामा रकाना दिसला की मेमो. मग या पोरी काय करतात? बारा वाजता बसतात आणि सहापर्यंतचं सगळं लिहून टाकतात. दोनला वळवलं, तीनला वळवलं, चारला पाणी. सगळ्या करतात. एक सोडून."

"ताई," मी म्हणालो.

"तिला तीन मेमो होते. एकदा मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर झापलं. संजना, नर्सिंग हे शास्त्र आहे, आणि शास्त्र म्हणजे नोंद. ही काय म्हणाली असेल? म्हणाली, मॅडम, नोंद ही सावली आहे. आधी माणूस उभा पाहिजे, मग सावली. माणूस नसताना सावली पडली तर तिला काय म्हणतात?"

आयुष हसला. 

"मी तिला विचारलं होतं, पोरी, हे कुठे शिकलीस? म्हणाली, पहिल्या वर्षी पहिला प्रश्न हाच असतो मामा, नर्सिंग म्हणजे काय. आजारी माणूस धडधाकट असता तर त्याने स्वतःचं जे केलं असतं, ते त्याच्या जागी उभं राहून करायचं. डास बसला तर त्याने हाकलला असता ना? मग आपण हाकलायचा. रोग डॉक्टरांचा, माणूस आपला. मी म्हटलं, हे मेट्रनबाईंना सांग. म्हणाली, सांगितलं. त्या म्हणाल्या ते परीक्षेपुरतं असतं."

मी पिशवीची गाठ सोडत होतो, परत मारत होतो.

"संजना गेल्यानंतरची गोष्ट. शुक्रवार, २६ सप्टेंबरची रात्र. अकरा नंबर रिकामा. बारा नंबरला नवसाबाई. इगतपुरीकडची म्हातारी, अर्धं अंग गेलेलं. तिला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलून निघते. रूपालीने रात्री बारा वाजता बसून सगळे चार्ट भरले. दोन वाजता मी खाली सिलिंडर आणायला गेलो. ती एकटी. तिला पलंगाचा आवाज आला. करकर. तिला वाटलं, मीच आहे. गेली बघायला. म्हातारी उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पाठीला उशी. चादरीला सुरकुती नाही."

"पलंगाला कठडा असतो ना? ती स्वतः..." आयुष म्हणाला.

"तिला नाकावरची माशी हाकलता येत नाही. रूपालीने विचारलं, आजी, कोणी वळवलं? म्हातारी म्हणाली, ती पोरगी. कोणती? म्हणाली, शेजारची... अकरा नंबरवर निजते ती."

 रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मामा थांबले.

"रूपाली टेबलाशी येऊन बसली. पाणी प्यायली. तीन वाजले. मग तीन दहा... अकरा नंबरची बेल वाजली. टेबलावर लाल दिवा लागतो. तो लागला. रूपालीने बसल्या जागेवरूनच बंद केला. पुन्हा वाजली. बंद केली. पुन्हा... सिलिंडर मिळेपर्यंत तास गेला, मी जिन्यात होतो. मी ऐकली. मी वर आलो तेव्हा ती उभी होती. टेबल सोडून जात नव्हती. मी म्हटलं, सिस्टर, बघून या. म्हणाली, मामा, तिथे कोणी नाही. मी म्हटलं, मग घाबरता कशाला?"

"मग?"

"गेली नाही. बेल आपली आपण थांबली. मग तिने म्हातारीचा चार्ट उघडला. बारा वाजता भरलेला. दोनचा रकाना कोरा. तीनचा कोरा. चार, पाच, सहा... कोरे. खोडलेलं नाही. फाडलेलं नाही. तिने दुसरा उघडला. तिसरा. बावीसच्या बावीस. बारापर्यंतचं तिने खरंच केलेलं तेवढं होतं. पुढचं... नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. बॉलपेन होतं रे. बॉलपेन."

मी पिशवीची गाठ घट्ट आवळली.

"सकाळी ती राजीनामा देऊन गेली. बेलचं मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं. तो अकरा नंबरची वायर काढून घेऊन गेला. वायरच नाही आता. तरी..."

"तरी काय?"

"तीन दहाला वाजते. रोज. नवी सिस्टर बंद करते. कोणी उठत नाही."

माझं डोकं फिरलं. मी उठलो. "आणि तुम्ही? तुम्ही का नाही जात? ती तुम्हाला मामा म्हणायची. त्या रात्री कुठे होतात तुम्ही? दोनला तुमची फेरी असते ना? ताईच सांगायची, दोनला मामा सगळ्यांना पाणी विचारतात. कुठे होतात?"

मामांचा हात कानाकडे गेला.

"सनी, बस," आयुष म्हणाला.

"बोला ना."

"खाली होतो," मामा म्हणाले. "कॅज्युअल्टीत. कानातून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर साडेतीनला आले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

डावा कान. माझा उजवा हात.

मी खाली बसलो. ज्या एका माणसाने तिला पाणी विचारलं असतं, त्याला मीच खाली पाठवलं होतं. फाटकाबाहेर बसून मी सगळ्या जगाला शिव्या देत होतो, आणि वर... बेल वाजत असेल. तिने बेल दाबली असेल. तिला माहीत होतं की बेल वाजली की उठायचं असतं. तिला वाटलं असेल, येतील.

"मी हे तुला दुखवायला नाही सांगितलं," मामा म्हणाले. "मी रोज त्या बेलला उठतो. अर्ध्या वॉर्डापर्यंत जातो. पुढे पाय जात नाहीत. त्या रात्री मी नव्हतो, आता कोणत्या तोंडाने जाऊ?" मग म्हणाले, "वर येतोस? आज दारावर मीच आहे."

आयुषला पिशवी देऊन रिक्षाने घरी पाठवलं. तो जात नव्हता. मी म्हटलं, आईला सांग, सकाळी येतो.

दहा वाजले, अकरा वाजले. मी जिन्यात बसून होतो. तीनला पाच मिनिटं कमी असताना मामांनी दार उघडलं.

नवी सिस्टर टेबलावर लिहीत होती. तिने मला पाहिलं.  तिच्यापुढे चार्टांचा ढीग होता. पाचचा रकाना भरत होती.

अकरा नंबर भिंतीकडून दुसरा. गादीवर धुतलेली चादर. उशी एक. उशाशी बेलचं बटण नाही, नुसतं भोक, त्यातून दोन कापलेल्या तारांची टोकं. शेजारी नवसाबाई. तिचे डोळे उघडे होते.

मी स्टुलावर बसलो.

तीन दहा.

बेल वाजली.

टेबलावर लाल दिवा. सिस्टरने मान वर न करता हात लांब केला. मी म्हणालो, "राहू द्या." तिचा हात थांबला.

बेल वाजतच होती.

"ताई," मी म्हणालो. "मी आहे."

बेल थांबली.

मग काहीच नाही. पंखा. कोणाचं तरी घोरणं. मी चादरीकडे बघत होतो. चादरीला सुरकुती नव्हती. मग... होती. खांद्याच्या जागी. मग कमरेच्या.



"बसून काय ऱ्हायला," नवसाबाई म्हणाली. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अर्धे बाहेर यायचे. "तिला वळवून घे. लय येळ झाला एका कुशीवर."

"मला येत नाही, आजी."

"मला रोज वळवतात, मी सांगते. एक हात खांद्याला घाल. एक कमरंला. तसा नाय, तळहात लाव. बोटं रुतवू नको. हां. आता तुझ्याकडं घे. झटका नाय द्यायचा. सांगून घ्यायचं तिला."

"ताई, वळवतोय."

मी हात घातले. हवेतच घातले. आणि ओढले.

वजन होतं.

खोटं सांगत नाही. कांद्याची गोणी रोज उचलतो, वजन मला कळतं. हे माणसाचं वजन होतं. ढिलं. ऊन नाही, गारही नाही. ते माझ्याकडे वळलं. मी रडत होतो, पण हात सोडले नाहीत.

"खिडकीकडं तोंड झालं का?"

"झालं."

"उशी दे पाठीला. आता ऱ्हा तिथंच. जाऊ नको."

मी गेलो नाही. मामा पायथ्याशी येऊन उभे राहिले. पूर्ण आले, पलंगापर्यंत. त्या नव्या सिस्टरने पेन खाली ठेवलं आणि एकेका पलंगाशी जायला लागली.  पुन्हा बेल वाजली नाही.

उजाडायला लागलं तेव्हा मी पाहिलं. गादीत खोल खळगा पडला होता. खांदा, कंबर, किंचित मुडपलेले गुडघे. कुशीवर निजलेल्या माणसाचा. मामांनी गादीवर हात फिरवला, थोपटली, उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही तोच. तो अजून तसाच आहे. त्या पलंगावर ते कोणाला निजवत नाहीत.

साडेसहाला मेट्रनबाईंच्या सँडलांचा आवाज जिन्यात आला. मामा म्हणाले, "निघ आता."

मी निघालो. मग परत वळलो. त्या खळग्याचं तोंड होतं तिकडची खिडकी बंद होती. कडीवर रंगाचे थर चढले होते, किती वर्षांत कोणी उघडली नसेल. ताई धडधाकट असती तर तिने उघडली असती. मी दोन्ही हातांनी ढकलली. खांद्याने ढकलली. मग उघडली.