बघ्या

रविवारी दुपारी तिघांनी मिळून एक माणूस तयार केला. जुन्या चादरी, फाटके टॉवेल, बेकरीतली मैद्याची दोन रिकामी पोती आणि पायांत थोडी वाळू, एवढ्यात माणूस होतो. डोक्याच्या जागी प्लॅस्टिकचा डबा बांधला. मग वकिलानं पिशवीतून निळ्या चौकटींचा शर्ट काढला आणि त्या बाहुल्याला चढवून शांतपणे एकेक बटण लावलं.

शर्ट त्याच्या धाकट्या भावाचा होता. धाकट्याला जाऊन वर्ष झालं होतं. याच होडीवरून तो पाण्यात पडला होता आणि परत मिळालाच नव्हता.

"काय रे दातपाड्या, ओळखीचा वाटतो का?" वकिलानं विचारलं.

दातपाड्या म्हणजे दातांचा डॉक्टर. तिघं कॉलेजपासूनचे मित्र, तेव्हा नावं ठेवण्यात कुणी हात आखडता घेत नसे. डॉक्टरनं हसल्यासारखं केलं. वर्षभरानंतर वकिलानं त्याला बोलावलं होतं. बायको सकाळीच म्हणाली होती, "अहो, त्यांनी बोलावलं आणि तुम्ही निघालात? हात दाखवून अवलक्षण कशाला?" पण डॉक्टरला जायचंच होतं. वकिलानं आपल्याला एकदाचं माफ करावं, पुन्हा पूर्वीसारखं कंपूत घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणूस माफीसाठी कुठंही जातो. पाण्यातसुद्धा.

आता या मंडळींचा एक शिरस्ता सांगायला हवा. दर मोसमाच्या पहिल्या फेरीला ते बुडणाऱ्याला वाचवायची तालीम करत. शिडाची होडी काही सायकलसारखी जागच्या जागी वळत नाही. माणूस पडला की ती पुढे निघून जाते, मोठा वळसा घेऊन मागे यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पाण्यावरचं नारळाएवढं डोकं दिसेनासं होतं. म्हणून एकानं बाकी सगळी कामं सोडायची. हात लांब करायचा, पडलेल्या माणसावर बोट रोखायचं आणि नजर काढायची नाही. दोरीला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. या माणसाला ते बघ्या म्हणत. सुकाणूवाल्यानं पाण्याकडे बघायचंच नाही, फक्त बघ्याच्या बोटाकडे बघायचं आणि तिकडे होडी न्यायची. "आवाजावर जाऊ नका," वकील नेहमी बजावायचा, "पाण्यावर आवाज फसवतो. बोट फसवत नाही."

गेल्या वर्षी धाकटा पडला तेव्हा बघ्या डॉक्टर होता. त्यानं नजर काढली. दोन सेकंद, फार तर तीन. परत बघितलं तर नुसत्या लाटा.

चौकशीत वकिलानं तेवढंच सांगितलं, आणि ते खरंच होतं. नजर का काढली, हे कुणी विचारलं नाही. शीड फडफडत असताना वकीलच ओरडला होता, "अरे मूर्खा, इकडे बघ! दोरी धर!" डॉक्टरनं बघितलं, दोरी धरली आणि माणूस गेला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्याचा भाऊ गेला त्याच्या पदरात ते कसं टाकायचं? मग वर्षभर वकिलानं चारचौघांत टोमणे मारले, लग्नकार्यात पाठ फिरवली, आणि डॉक्टरनं ते मुकाट्यानं गिळलं.

धक्क्यावरून होडी निघाली. सुकाणूवर तिसरा मित्र, बेकरीवाला होता, अंगानं आडवा आणि मनानं साधा. वारा बेताचा होता. तासाभरात किनारा मागे पडला, आभाळ पांढुरकं झालं, आणि पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. ओल्या दोरखंडाचा आणि शेवाळाचा कुबट वास येत होता.

डॉक्टरनं धीर केला. "वकील... त्या दिवशी तू मला हाक मारली होतीस. दोरी धर म्हणालास. आठवतं?"

वकिलानं त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता.

"वर्षभरानं आठवलेली साक्ष टिकत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "आज बघ्या तूच. जमतंय का बघू."

"राहू दे ना रे," बेकरीवाला पुटपुटला. "जखमेवर मीठ कशाला चोळायचं?"

"तू होडी बघ."

होडीवर तरंगायची जॅकेटं तीनच होती आणि माणसं तीन. बाहुलं बुडू नये म्हणून वकिलानं स्वतःचं जॅकेट काढून त्याला घातलं.  मग वकिलानं बाहुल्याला कमरेत धरून उचललं, डॉक्टरच्या तोंडासमोर नेलं, "याला तरी सांभाळ," म्हणाला आणि पाण्यात फेकलं.

"माणूस पडला!"

डॉक्टरचा हात उठला. बोट निळ्या शर्टावर गेलं. होडी पुढे सरकली, शर्ट मागे गेला, लहान झाला. डॉक्टरची नजर खिळ्यासारखी ठोकलेली. लाट आली की शर्ट खाली जाई, लाट गेली की वर येई. होडी वळली. शीड या बाजूचं त्या बाजूला गेलं. पुन्हा एक लाट आली, आणि ती गेल्यावर शर्टाच्या जागी धाकटा होता.

खांद्यापर्यंत पाण्याबाहेर. हातपाय मारत नव्हता. लाटा त्याच्या अंगावरून जात होत्या, पण केस कोरडे होते. गेल्या वर्षी शेवटचा दिसला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं. आता ते घट्ट मिटलेलं होतं, आणि तो डॉक्टरकडे बघत होता.

डॉक्टरची पाचावर धारण बसली. पण बोट हललं नाही.

"अरे, डावीकडे आहे बाहुलं!" वकील ओरडला. "बोट कुठं चाललंय तुझं?"

बेकरीवाल्यानं होडी बाहुल्याजवळ नेली. वकिलानं लांब काठीचा आकडा शर्टात अडकवला आणि ते भिजून जड झालेलं धूड ओढून फळ्यांवर टाकलं. पाणी पसरलं. डॉक्टरचा हात तसाच उजवीकडे, उघड्या पाण्याकडे रोखलेला.

"पुरे झालं नाटक. हात खाली कर."

"आहे तो," डॉक्टर म्हणाला. ओठ जेमतेम हलले. "तिथं आहे... मला सोडू नकोस म्हणतोय."

"कोण?"

"तुझा धाकटा."

 वकील होडीच्या कडेवर पाय देऊन डॉक्टरवर धावून गेला, त्याचा हात ओढून खाली पाडायला. होडी डुलली. शिडाखालचा आडवा दांडा मोकळा सुटून आला आणि वकिलाच्या कानाखाली बसला. आवाज लहानसाच झाला, कपाट लावल्यासारखा. वकील डावीकडच्या कडेवरून मागच्या मागे पाण्यात गेला. त्याचं जॅकेट होडीत होतं, बाहुल्याच्या अंगावर.

बेकरीवाला दांडा चुकवायला खाली वाकला होता. डोळ्यांत खारं पाणी, कानाशी शिडाचा फडफडाट. वर उठला तेव्हा वकील नव्हता. त्यानं तेच केलं जे त्याला दहा वर्षं शिकवलं होतं. बघ्याच्या बोटाकडे बघितलं. बोट उजवीकडे होतं. त्यानं होडी उजवीकडे घातली.

"इकडे!" मागून आवाज आला. "अरे, इकडे बघ!"

डॉक्टरनं ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. नुसतं वळायचं होतं, हात मागे न्यायचा होता. बेकरीवाला बोटाच्या शब्दाबाहेर नव्हता, अर्ध्या मिनिटात होडी फिरली असती. पण समोर धाकटा होता, आणि लाट येताना त्याच्या मिटलेल्या तोंडाचा एक कोपरा हलला. नजर काढली की हा पुन्हा जाणार, हे डॉक्टरला आतून ठाऊक होतं. एकदा याच आवाजाचं ऐकून आपण फसलो. आता नाही. आणि खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या तळाशी त्याला बरंही वाटत होतं. वर्षभराचा एकेक टोमणा त्या हाकांबरोबर मागे पडत होता.

"डॉक्टर... इकडे... अरे, मी इकडे..."

"आवाज मागून येतोय का रे?" बेकरीवाल्यानं घाबरून विचारलं.

बघ्या बोलत नसतो. डॉक्टर बोलला नाही.

हाका सात-आठ झाल्या. शेवटच्या दोन हाकांत शब्द नव्हते. मग नुसता फडफडाट राहिला. बेकरीवाल्यानं होडी बोटाच्या टोकापर्यंत नेली, आणि तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं. तेव्हा कुठं डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघून तो मोठ्यानं रडायला लागला.

अंधार पडेपर्यंत दोघांनी आणि नंतर आलेल्या गस्तीच्या होड्यांनी पाणी पिंजून काढलं. वकील मिळाला नाही. पोलिसांनी जबाब घेतले, अपघात म्हणून नोंदवलं. फौजदारानं फक्त एवढंच विचारलं, "यांचा हात असा का?"

कारण हात खाली येत नव्हता. धक्क्यावर आला नाही, गाडीत आला नाही. घरी बायकोनं दोन्ही हातांनी दाबला, तरी आला नाही. हाडांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं तेव्हा लोळागोळा होऊन पडला, आणि औषध उतरताच पुन्हा उठला. दवाखाना बंद ठेवावा लागला. डॉक्टर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राही, आणि त्याचं बोट फ्रिजच्या कोपऱ्याकडे रोखलेलं असे. त्या भिंतीपलीकडे, सहा मैलांवर, समुद्र होता. बायकोनं एकदा खुर्ची हळूच फिरवून बघितली. हात तेवढाच उलटा फिरला आणि बोट फ्रिजच्या कोपऱ्यावर परत आलं.

"मी शपथेवर सांगतो," डॉक्टर तिला म्हणाला, "मी हलवत नाही."

तिला ते पटलं होतं. म्हणून तर ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नसे.

नवव्या दिवशी सकाळी ती चहा गाळत असताना बोट हललं. फ्रिजवरून निघालं, भिंतीवरून कॅलेंडरपर्यंत आलं, मग खिडकीवर. घड्याळाच्या काट्यासारखं, बघत राहिलं तर थांबलेलं वाटे, नजर काढली की पुढे गेलेलं. दुपारी ते खिडकीतून खाली फाटकाकडे वळलं.

"आता कुठं?" बायकोनं विचारलं. तिला खाली बघवत नव्हतं, तरी बघितलं. रखवालदार पाण्याचा पाइप धरून फरशी धूत होता. दुसरं कुणी नव्हतं.

 बोट खिडकी सोडून जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर आलं होतं, खाली झुकलेलं, आणि थोडं थोडं वर येत होतं.

बायकोनं जाऊन दाराची कडी लावली. वरची लावली, खालची लावली. परत आली तेव्हा नवऱ्याचा डावा हात, वकील पडला त्या बाजूचा, जो नऊ दिवस मांडीवर पडून होता, उठत होता. त्याचं बोट फ्रिजच्या कोपऱ्यावर गेलं. ते तिथं नऊ दिवस थांबलं नाही. कॅलेंडर झालं, खिडकी झाली. डावं बोट उजव्यापेक्षा घाईत होतं.